गट क्रमांक तीन

नवी पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
आठ खुर्च्या, एक रेकॉर्डर, फळा, आणि बशीत बटाट्याचे वेफर्स.
वेफर्स कुणी मागवले कोण जाणे.
दातांवर बोलायला आलेली माणसं
पहिल्या पाच मिनिटांतच सांगून मोकळी झाली :
कुणी उजवीकडनं चावत होतं, कुणी डावीकडनं,
एकानं नुसतं मीठ चाटलं
आणि वेफर रुमालात गुंडाळून ठेवला.
असा रकाना माझ्या कागदात नव्हता.

प्रश्न पहिला : दातांचा डॉक्टर तुम्ही कसा निवडता?

निवंगुणे म्हणाले, स्वच्छता.
तेजल ओसवाल म्हणाली, डिग्री, अनुभव, मग स्वच्छता.
वैशंपायन, विम्यातून निवृत्त,
म्हणाले, मी आधी त्याचे स्वतःचे दात बघतो.
सगळे हसले.
रणपिसेबाईंनी हसताना पदर तोंडाशी धरला.

हसतील त्यांचे दात दिसतील, आई म्हणायची.
ज्यांचे दिसले नाहीत
त्यांच्यापुढे मी रेकॉर्डर सरकवला.
"आणि तुम्ही, मॅडम?"
"मी? हे सगळे म्हणतात तेच. स्वच्छता."
फळ्यावर तिसरी रेघ.

पैसा? छे, पैशाचं काय एवढं, असं पाच जण म्हणाले,
आणि त्याच पाच जणांना
कोथरूड, हडपसर, बिबवेवाडी
तिन्हीकडचा रूट कॅनालचा दर तोंडपाठ होता,
कॅपसकट आणि कॅपशिवाय.

साडेपाचला चहा आला. मी रेकॉर्डर बंद केला.
आणि खोलीत काहीतरी सैल झालं,
भूल उतरताना ओठ सैल होतो तसं.

निवंगुणे म्हणाले, खरं सांगू का,
मेव्हण्याच्या नात्यातला आहे तो. हात जड आहे त्याचा.
पण लग्नाकार्यात तोंड दाखवायचं असतं ना,
मग त्यालाच दाखवतो.

तेजल म्हणाली, डिग्री मी कधी वाचलेलीच नाही.
ती खुर्चीच्या मागे टांगलेली असते.
आडवं पडल्यावर मला फक्त खिडकी दिसते,
आणि खिडकीत शेवग्याचं झाड.
त्या झाडासाठी मी स्वारगेटवरून दोन सिग्नल जास्त जाते.

वैशंपायनांनी कपात बिस्कीट बुडवलं, बराच वेळ.
तीन डॉक्टर सोडले मी, म्हणाले.
तिघेही तोंडात दोन्ही हात घालून विचारायचे, दुखतंय का?
हा चौथा
आधी हात बाहेर काढतो. मग विचारतो.

मी रेकॉर्डरकडे पाहिलं.
दोन तास तो टेबलाच्या मधोमध होता.

रणपिसेबाई जिन्यात भेटल्या, चपला घालताना.
"लिहू नका हं," म्हणाल्या.
"मी दारापर्यंत जाते. काचेतून बघते.
आत बाकावर माझ्यासारखी कुणी बसली असली
तर आत जाते.
नसली की परत फिरते."
"आणि दाढ?"
त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली,
एक लवंग माझ्या तळहातावर ठेवली.
"डावीकडची ना तुमची?
मघापासून बघतेय, चहा उजवीकडनं पिताय."

आठवडाभरात अहवाल गेला.
आठपैकी सात : स्वच्छता.
रंगीत तक्ता, निळ्या रंगाची मोठी फोड.
दवाखान्याच्या मालकाचा फोन आला,
आठवा माणूस काय म्हणाला?
म्हटलं, आवाज नीट रेकॉर्ड झालेला नाही.

त्यानंतर दोनदा मी कर्वे रस्त्यावर
एका काचेच्या दारापुढे उभी राहिले आहे.
बाकावर कोण बसलंय ते बघते.
अजून आत गेलेली नाही.

मंगळवारी गट क्रमांक चार.
या वेळी वेफर्स नकोत म्हणून बजावलंय.
केळी सांगितली आहेत.
आणि चहा आधी.